सावलीचे साधन : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि एका हरवलेल्या संहितेचा इतिहास

१/
मार्च २०१२. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या फ्रान्सिस मेक्नर या वयोवृद्ध मानसशास्त्रज्ञांनी घराची साफसफाई काढली. कपाटाच्या मागच्या बाजूला एक खोका निघाला. आत मुलाच्या जुन्या वस्तू होत्या, म्हणून त्यांनी तो कॅलिफोर्नियात मुलाकडे पाठवून दिला. खोक्यात जुन्या खेळांच्या प्रती होत्या आणि त्यांच्यासोबत साडेतीन इंची फ्लॉप्यांची एक लहानशी चवड. मुलाचे नाव जॉर्डन मेक्नर. ही चवड त्याने दहा वर्षांपूर्वी जंग जंग पछाडून शोधली होती आणि अखेर नाद सोडला होता. त्या फ्लॉप्यांवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाची मूळ संहिता होती.

आजचा थ्रेड या खेळाविषयी आहे. पण काही अंशी तो आपल्या अभ्यासाविषयीही आहे : साधन म्हणजे काय, ते टिकते कसे आणि हरवते कसे?

२/
ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक. सुलतान दूरदेशी युद्धावर गेला आहे. मागे वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि राजकन्येपुढे दोन पर्याय ठेवतो : माझ्याशी विवाह कर, अथवा मृत्यू स्वीकार. विचार करायला मुदत एक तास. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही. बारा पातळ्या ओलांडून त्याला साठ मिनिटांत मनोऱ्यावर पोहोचायचे आहे. वाटेत ढासळणाऱ्या फरशा, जमिनीतून वर येणारे सुळे, जबड्यासारखी मिटणारी पाती, दाबकळीवर उघडणारे दरवाजे आणि तलवारधारी पहारेकरी. मेल्यास पातळी पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे फिरत नाही. या नायकाला संपूर्ण खेळात नाव नाही, आणि आरंभी तो राजपुत्रही नाही.

३/
महाराष्ट्रात हा खेळ पोहोचला तो डॉसच्या आवृत्तीतून. नव्वदच्या दशकात वर्डस्टार आणि लोटस शिकवणाऱ्या संगणकवर्गांत, मास्तरांची पाठ वळली की पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला हा माणूस धावू लागे. विकत घेतलेली प्रत क्वचितच दिसे. खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर प्रवास करी. पहिल्या पातळीनंतर विशिष्ट अक्षराची कुपी प्यावी लागे. ते अक्षर छापील माहितीपुस्तिकेत शोधायचे असे, आणि पुस्तिका तर कोणाजवळच नसे. मग अक्षरांची यादी वहीच्या मागच्या पानावर उतरवली जाई. ‘प्रिन्स मेगाहिट’ हे दोन शब्द टंकून खेळ सुरू केला की लबाडीच्या सगळ्या वाटा मोकळ्या होत, हे ज्ञान तर गुरुमंत्रासारखे कानोकानी पसरले होते. माझ्या पिढीला हा खेळ थोरल्या भावंडांकडून वारशाने मिळाला.

४/
आता कर्त्याकडे वळू. जॉर्डन मेक्नरचा जन्म १९६४चा. येल विद्यापीठात शिकत असताना त्याने ‘कराटेका’ हा खेळ एकट्याने रचला. ब्रॉडरबंड या कॅलिफोर्नियातील प्रकाशनसंस्थेने तो १९८४मध्ये प्रसिद्ध केला आणि तो गाजला. १९८५मध्ये पदवी घेतल्यावर मेक्नरपुढे दोन वाटा होत्या : चित्रपटलेखन किंवा दुसरा खेळ. त्याच्या रोजनिशीतून हा पेच वर्षानुवर्षे डोकावतो. खेळाचे काम बाजूला ठेवून त्याने मध्ये पटकथा लिहिली, परत आला, पुन्हा साशंक झाला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पूर्ण व्हायला चार वर्षे लागली, ती केवळ तांत्रिक अडचणींमुळे नव्हे. विशीतल्या एका तरुणाचे आयुष्याविषयीचे अनिश्चित मनही त्या चार वर्षांत सामावलेले आहे.

५/
या खेळाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे हालचाल. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला मारिओ स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट उंच उडतो आणि हवेतच दिशा बदलतो. तो चित्रातला प्राणी आहे, त्याला वजन नाही. मेक्नरच्या नायकाला मात्र वजन आहे. धावायला लागायला त्याला दोन पावले लागतात, थांबताना तो घसरतो, उडी चुकली तर बोटांनी कठड्याला लोंबकळतो आणि उंचावरून पडला तर मरतो. खेळणाऱ्याला पहिल्या काही मिनिटांतच कळते की हे शरीर आपल्यासारखे आहे. म्हणूनच सुळ्यांवर पडलेला देह पाहून लहान मुले क्षणभर डोळे मिटून घेत.

६/
हे जिवंतपण आले कोठून? एका जुन्या चित्रपटतंत्रातून. प्रत्यक्ष माणसाचे चित्रण करायचे आणि चौकटीमागून चौकट त्यावरून रेखाटने गिरवायची, या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशर यांना तिचे अमेरिकी पेटंट १९१७मध्ये मिळाले होते. मेक्नरने ‘कराटेका’तही ती वापरली होती. या वेळी त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि गावातल्या एका वाहनतळावर धावायला, उड्या मारायला, भिंत चढायला सांगितले. ऑक्टोबर १९८५मधले ते व्हीएचएस चित्रण आजही पाहायला मिळते. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरातील मुलांनी ज्याला पळवले, तो ‘पर्शियाचा राजपुत्र’ म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला एक शाळकरी मुलगा आहे.

७/
चित्रण करणे सोपे होते. ते संगणकात उतरवणे ही तपश्चर्या होती. त्या काळी घरगुती संगणकात चित्रफीत थेट घेण्याची सोय नव्हती. मेक्नर व्हिडिओ एका चौकटीवर थांबवी आणि दूरदर्शनच्या पडद्याचे साध्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढी. रोल धुवून आला की छायाचित्रावरील आकृती काळ्या मार्करने आणि पांढऱ्या शाईने ठळक करी, झेरॉक्स काढून आकृत्या एका कागदावर ओळीने मांडी, मग तो कागद व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर धरून संगणकात उतरवी आणि शेवटी एकेक ठिपका हाताने दुरुस्त करी. एका धावेसाठी हे सारे पुन्हा पुन्हा. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या लेखनिकाची आठवण व्हावी असे हे काम.

८/
यंत्र होते अ‍ॅपल टू. १९७७मध्ये बाजारात आलेल्या या संगणकाचा प्रक्रियक ६५०२ जातीचा, गती साधारण एक मेगाहर्ट्झ. मेक्नरने लक्ष्य धरले होते त्या प्रकारात स्मृती होती १२८ किलोबाइट. आज आपण मोबाइलवर काढतो ते एक छायाचित्रही एवढ्या जागेत मावत नाही. त्या जागेत महाल, सापळे, संगीत, बारा पातळ्या आणि नायकाच्या हालचालींची शेकडो चित्रे बसवायची होती. नायकाची चाल जितकी जिवंत होत गेली तितकी तिने जागा खाल्ली. परिणामी नायक डौलदार झाला, पण त्याच्याशी लढायला शत्रू आणायला जागाच उरली नाही. मेक्नरला प्रारंभी ते चालणार होते. त्याला हिंसा नको होती, केवळ सापळे आणि पलायन हवे होते.

९/
येथे या इतिहासात टोमी पिअर्स यांचा प्रवेश होतो. त्या मेक्नरच्या मैत्रीण आणि सहकारी. (पुढे १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जुलै १९१४च्या ओरिएंट एक्स्प्रेसवर घडणाऱ्या ‘द लास्ट एक्स्प्रेस’ या खेळातही त्या त्याच्या सहलेखिका होत्या. इतिहासप्रेमींनी तो आवर्जून पाहावा.) खेळ पाहून त्यांचे म्हणणे एकच : यात द्वंद्व हवे. मेक्नरचे उत्तरही ठरलेले : स्मृती संपली आहे, आणखी एका पात्राची चित्रे ठेवायला जागा नाही. हा वाद दीर्घकाळ चालला. मार्ग निघाला तो जागा वाढवून नव्हे, तर एक प्रश्न उलटा विचारून : शत्रूची वेगळी चित्रे लागणारच नाहीत, असा शत्रू कोणता?

१०/
उत्तर : नायक स्वतः. पण तीच आकृती दोनदा दाखवली तर ओळखायचे कसे? येथे गणितातली एक साधी क्रिया कामाला आली, जिला ‘एक्सॉर’ म्हणतात. दोन बिंदू सारखे असतील तर उत्तर शून्य, वेगळे असतील तर एक. नायकाचे चित्र एक बिंदू बाजूला सरकवायचे आणि मूळ चित्राशी ही क्रिया करायची. आकृतीच्या आतला भरीव भाग स्वतःलाच खोडून टाकतो आणि उरते ती चमचमणारी किनार. एकही नवे चित्र न साठवता पडद्यावर एक भुतासारखी आकृती अवतरली. ही सावली, म्हणजे खेळातले सर्वांत स्मरणीय पात्र, स्मृतीच्या दुष्काळातून जन्माला आली.

११/
सावलीला कथेत आणण्याची युक्तीही तितकीच समर्पक. चौथ्या पातळीवर वाट अडवून एक आरसा उभा राहतो. नायक धावत जाऊन त्यातून उडी मारतो. त्याच क्षणी त्याची सारी शक्ती गळून एका बिंदूवर येते आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने त्याचीच सावली निसटून पळून जाते. पुढच्या पातळीवर ती आपल्या डोळ्यांदेखत शक्तिवर्धक कुपी पिऊन टाकते. सहाव्या पातळीवर आपण उडी घेत असतानाच ती दरवाजा पाडते आणि आपण खाली कोसळतो. खेळणाऱ्याच्या मनात हळूहळू या सावलीविषयी वजिराहूनही अधिक द्वेष साठत जातो.

१२/
मग बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर येते. आपण त्वेषाने वार करतो आणि चकित होतो : तिला लागलेला प्रत्येक घाव आपलीही शक्ती कमी करतो. तिला मारले तर आपणही मरतो. सुटका एकच, तलवार म्यान करणे. आपण शस्त्र खाली केले की तीही करते. दोघे एकमेकांकडे धावतात आणि एकरूप होतात. त्यानंतर समोरच्या पोकळीवर पाऊल टाकले की पायाखाली आपोआप फरशी उमटत जाते.

हे कोणी सांगत नाही. पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. पण आपले वैर ज्याच्याशी होते तो आपणच होतो, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलालाही बोटांतून कळते. ज्या तरुणाला हिंसा नको होती त्याच्या खेळात द्वंद्व आले खरे, पण त्याचा सर्वोच्च क्षण शस्त्र ठेवण्याचा झाला.

१३/
पुढे मेक्नरने इकडूनतिकडून जागा वाचवली आणि पहारेकरीही आले. त्यांच्या तलवारबाजीसाठी त्याने १९३८चा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा चित्रपट निवडला. त्यातील एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या अखेरच्या द्वंद्वात काही सेकंद दोघेही बाजूने, संपूर्ण आकृतीत दिसतात. तेवढाच तुकडा त्याने चौकटीचौकटीने गिरवला. धावणारा मुलगा न्यूयॉर्कचा आणि तलवार चालवणारे हात हॉलिवूडचे. संगीत वडिलांचे : खोका शोधणारे फ्रान्सिस मेक्नर यांनीच या खेळाच्या धून रचल्या होत्या. एका घराने मिळून केलेला हा खेळ आहे.

१४/
मग यात ‘पर्शिया’ कुठे आहे? प्रामाणिक उत्तर : फारसे कुठेच नाही. मेक्नरपुढे इराणचा इतिहास नव्हता. ‘सहस्र रजनी’च्या कथा होत्या, १९४०चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा चित्रपट होता, आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ची पहिली दहा मिनिटे होती. मिटत चाललेल्या दरवाजाखालून निसटण्याचा थरार तिथला. १९४०च्या त्या चित्रपटात म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू या मुलाने प्रमुख भूमिका केली होती, आणि खलनायक वजिराचे नाव होते जाफर. ती भूमिका जर्मन नट कॉनराड फाइट यांची. खेळातला जाफर थेट तिथून आला. डिस्नेच्या १९९२च्या ‘अलादीन’मधला जाफरही त्याच वंशातला.

१५/
पण इतिहासातला जाफर कोण होता? जाफर इब्न याह्या, अब्बासी खलिफा हारून अल् रशीद याचा वजीर आणि जिवलग मित्र. बगदादच्या वैभवकाळात राज्यकारभार बऱ्याच अंशी त्याच्या घराण्याच्या, बर्मकींच्या, हाती होता. ‘सहस्र रजनी’तल्या कथांमध्ये तो खलनायक नाहीच. वेष पालटून रात्री शहरात फिरणाऱ्या हारूनचा तो विश्वासू, काहीसा भांबावलेला सोबती आहे. इ.स. ८०३मध्ये हारूनच्याच आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला आणि बर्मकी घराणे धुळीस मिळाले. का, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. म्हणजे अन्याय ज्याच्यावर झाला, तोच हजार वर्षांनी पडद्यावर अन्यायाचा चेहरा बनला.

१६/
आपल्यासाठी याहून रंजक गोष्ट पुढे आहे. बर्मकी मूळचे बल्खचे, आजच्या अफगाणिस्तानातले. तेथील ‘नौबहार’ म्हणजे ‘नवविहार’ या प्रसिद्ध बौद्ध विहाराचे प्रमुखपद या घराण्याकडे होते. ‘बर्मक’ हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’वरून आला असे मत बहुतेक अभ्यासक मान्य करतात. सातव्या शतकात युआन श्वांगने या विहाराला भेट दिली होती. इस्लाम स्वीकारून बगदादला आल्यावरही या घराण्याची भारतीय विद्येची ओढ टिकून राहिली. जाफरचा पिता याह्या याच्यासाठी मंका नावाच्या भारतीय वैद्याने ‘सुश्रुतसंहिता’ अरबीत आणल्याची नोंद इब्न अल् नदीमच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत आहे. राजकन्येला धमकावणाऱ्या त्या ठिपक्यांच्या वजिरामागे असा एक विद्याप्रेमी वंश उभा आहे.

१७/
‘सहस्र रजनी’ आपल्यालाही परकी नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या वाचल्या गेल्या. म्हणजे आपला ‘पूर्वेकडचा’ बगदादही युरोपला वळसा घालून आपल्याकडे आला. या खेळावर पौर्वात्यवादाचा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे : क्रूर वजीर, कैदेतली राजकन्या आणि इतिहासाविना उभे असलेले मनोरे हा पाश्चात्त्य कल्पनेचा जुना साचा आहे. मेक्नरने पुढे २००८च्या चित्रकादंबरीसाठी ए. बी. सिना या इराणी कवीसोबत काम केले. २०२४च्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये तर सिमुर्ग पक्षी, काफ पर्वत आणि फारसी संवाद आले. नावातला पर्शिया खेळात यायला पस्तीस वर्षे लागली.

१८/
खेळ प्रसिद्ध झाला ऑक्टोबर १९८९मध्ये. परंतु तोवर अ‍ॅपल टू या यंत्राचाच सूर्य मावळतीला लागला होता. चार वर्षांच्या कष्टानंतर पहिल्या वर्षात अमेरिकेत जेमतेम काही हजार प्रती खपल्या. एका अर्थी ही मृत भाषेत लिहिलेली उत्कृष्ट कृती होती. तिला तारले ते भाषांतरांनी. १९९०मध्ये डॉस, अमिगा आणि जपानी पीसी-९८ या यंत्रांवर खेळ उतरला. जपानने त्याला उचलून धरले, युरोपनेही. १९९२मध्ये मॅकिंटॉशची देखणी आवृत्ती आल्यावर अमेरिकेतही त्याचे दिवस फिरले.

१९/
पुढच्या खेळांवरचा त्याचा ठसा स्पष्ट दिसतो. ‘अनदर वर्ल्ड’ (१९९१), ‘फ्लॅशबॅक’ (१९९२) आणि त्रिमितीत गेलेला ‘टूम रेडर’ (१९९६) : वजनदार शरीर, कठड्याला लोंबकळणारी बोटे आणि मृत्यूची सतत जाणीव ही त्यांची भाषा इथेच घडली. २००३मध्ये यूबीसॉफ्टच्या माँट्रियल शाखेने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला, त्याची कथा मेक्नरचीच. त्यात काळ मागे फिरवता येतो. १९८९च्या खेळात जी एकमेव गोष्ट अशक्य होती, तीच नव्या खेळाचे मर्म ठरली.

२०/
आणि येथेच आपण पुन्हा त्या खोक्यापाशी येतो. ‘द सँड्स ऑफ टाइम’ तयार होत असताना मूळ खेळ त्यात दडवून ठेवावा अशी कल्पना निघाली. त्यासाठी मूळ संहिता हवी होती. मेक्नरने शोधले, ब्रॉडरबंडच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारले. मिळाली नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपण खेळतो ती प्रत म्हणजे यंत्राला समजणाऱ्या आकड्यांची रांग. ती असंख्य संगणकांवर होती. मूळ संहिता म्हणजे माणसाने माणसाला समजेल असे लिहिलेले लेखन : प्रत्येक भागाला नाव, ओळींच्या शेजारी टिपा, ‘हे असे का केले’ याची कारणे. छापील पोथ्या गावोगाव असाव्यात आणि कर्त्याचे समासटीपांसह हस्तलिखित मात्र कायमचे गेलेले असावे, अशी ही अवस्था होती.

२१/
२०१२मध्ये फ्लॉप्या मिळाल्या, पण मिळणे म्हणजे वाचता येणे नव्हे. फ्लॉपीवर मजकूर असतो तो चुंबकीय कणांच्या रचनेत, आणि ही रचना वर्षागणिक क्षीण होत जाते. तेवीस वर्षे उलटली होती. चुकीच्या यंत्रात घालून एकदा वाचण्याचा प्रयत्न केला तरी ती कायमची बिघडू शकली असती. मेक्नरने घाई केली नाही, जाणकारांना बोलावले. एप्रिल २०१२मध्ये इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या अ‍ॅपल यंत्रांचे अभ्यासक टोनी डियाझ आपली सामग्री घेऊन त्याच्या घरी आले. जुनी यंत्रे जोडली गेली, फ्लॉप्या एकेक करून वाचल्या गेल्या. मजकूर शाबूत होता. मेक्नरने तो गिटहबवर सर्वांसाठी खुला केला.

२२/
आज कोणीही ती संहिता उघडून पाहू शकतो. नायकाच्या प्रत्येक हालचालीची क्रमवारी एका स्वतंत्र तक्त्यात आहे : कोणत्या चित्रानंतर कोणते, आणि किती पुढे सरकायचे. पहारेकऱ्याने केव्हा पुढे यायचे, केव्हा वार अडवायचा, हे दुसऱ्या भागात. वाहनतळावर धावणाऱ्या डेव्हिडचे शरीर तिथे आकड्यांच्या ओळींत उतरलेले आहे. एखाद्या शिल्पाशेजारी कारागिराची छिन्नी, मापे आणि कच्चे आराखडेही सापडावेत, तसे हे वाटते. विद्यार्थी ती वाचतात, हौशी मंडळी तिच्या आधारे हा खेळ पूर्वी कधीच नव्हता अशा यंत्रांवरही नेतात.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रकरणात आपलीच शिस्त दिसते. १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांना मान दिला, कारण बखर घटना उलटून गेल्यावर, तिचा शेवट ठाऊक असताना लिहिली जाते. मेक्नरच्या उत्तरकालीन मुलाखती बखरीसारख्या आहेत. सावलीची गोष्ट त्यांत सुरेख, अटळ वाटते. त्याची रोजनिशी हे समकालीन पत्र. तिच्यात तो हरतो, कंटाळतो, काम सोडून निघून जातो, आणि हा खेळ पूर्ण होईल की नाही हे त्याला माहीत नसते. आणि संहिता हा अस्सल कागद : ती काहीच सांगत नाही, फक्त काय केले ते दाखवते. तिन्ही साधने एकत्र वाचली तरच गोष्ट पुरी होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिणाऱ्याला यापुढे मोडीबरोबर अशा संहिताही वाचता याव्या लागतील.

२४/
आता आपला प्रश्न. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेले आहे. त्यातला एखादा कागद कसरीने अर्धा खाल्ला असला तरी उरलेला अर्धा वाचता येतो, शाई पुसट झाली तरी उजेडात धरता येते. चुंबकीय माध्यमात अशी अर्धी कृपा क्वचितच असते, आणि ते नुसत्या डोळ्यांनी तर वाचताच येत नाही.

नव्वदच्या दशकात मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर संगणकावर अक्षरजुळणी होऊन छापला जाऊ लागला. दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध, ग्रामीण साप्ताहिके. तो युनिकोडपूर्व काळ होता. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी. ती फाइल आज उघडली आणि तो फॉन्ट नसला तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा दिसतो. फ्लॉपी शाबूत असली तरी लिपी हरवलेली. अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र वाचणारा मिळतो, पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी फाइल वाचणारा शोधावा लागतो.

२५/
मेक्नरची संहिता वाचली त्यामागे कोणतीही योजना नव्हती. एका बापाने खोका फेकून दिला नाही, एवढेच. आपल्याकडचे जे वाचेल तेही बहुधा असेच वाचेल. म्हणून एक विनंती. घरात जुन्या फ्लॉप्या, सीडी, बंद पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क असेल तर रद्दीत टाकण्यापूर्वी थांबा. आजोबांचे आत्मचरित्र, गावच्या यात्रेची स्मरणिका, बंद पडलेल्या नियतकालिकाचा शेवटचा अंक तिथे असू शकतो. स्वतः प्रयोग करू नका, ज्याला हे काम येते त्याच्याकडे न्या, आणि निघालेला मजकूर युनिकोडमध्ये, एकाहून अधिक ठिकाणी ठेवा. साधन साठ मिनिटांची मुदत देऊन हरवत नाही. ते न सांगता जाते.

२६/
हा खेळ आज पुन्हा खेळायचा असेल तर ब्राउझरमध्येही सहज मिळेल. बाराव्या पातळीवर सावली समोर आली की तलवार उपसण्याचा मोह होईल. तेव्हा एवढे आठवा : ती तिथे आहे, कारण १२८ किलोबाइटमध्ये दुसऱ्या कोणाला जागा नव्हती.

थ्रेड संपला. तुमच्या घरच्या किंवा संगणकवर्गातल्या ‘प्रिन्स’च्या आठवणी खाली जरूर लिहा. कोणी वहीच्या मागच्या पानावर ती कुप्यांची अक्षरे लिहून ठेवली असतील आणि ते पान अजून जपलेले असेल, तर त्याचे छायाचित्र आवर्जून टाका. तेही साधनच आहे.